उताराचा बगीचा अन् घरी बनवलेला ट्रॅक्टर फवारा: तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच निघाला. फवारणीला माणसं मिळत नाहीत, घरी छोटा ट्रॅक्टर उभा आहे, मग त्याच्यावरच टाकी-पंप बसवून घ्यावा काय, असं काटोल-कळमेश्वरपासून सावनेरपर्यंत सगळे विचारून राहिले. त्यातली निवडक पत्रं घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली कारण त्यातला धोका जिवाचा आहे.

प्रश्न (कोंढाळीजवळून): नमस्कार भाऊ. आमचा संत्र्याचा बगीचा टेकडीच्या उताराला आहे, चार एकर, सहा बाय सहा मीटरवर लावलेला, जमीन मुरमाड. आतापर्यंत पाठीवरच्या पंपानं मारत होतो पण झाडं आता मोठी झाली अन् मजूर भेटत नाही. घरी २२ एचपीचा ट्रॅक्टर आहे. ओळखीचा वेल्डिंगवाला म्हणते की ५०० लिटरची टाकी अन् एचटीपी (जास्त प्रेशरचा पिस्टनवाला) पंप बसवून देतो, कंपनीच्या मशीनले एवढे पैसे कायले घालता. बनवावं काय अन् बनवावं तर कसं?

उत्तर: दादा, बनवा. फ्रेम, पंप, नळ्या, गन यात चांगल्या वेल्डिंगवाल्याला जमणार नाही असं काही नाही. फक्त ती ५०० लिटरची टाकी डोक्यातून काढून टाका. सपाट वावरात चालेल, उतारावर नाही. हिशोब बघा, पाणी लिटरला एक किलो, म्हणजे ५०० किलो पाणी, वरून टाकी, चॅनलची फ्रेम, पंप, नळ्या मिळून शंभरेक किलो धरा, असं सहाशे किलो वजन मागच्या चाकांच्याही मागं लटकणार अन् तुमचा ट्रॅक्टर स्वतः सात-आठशे किलोच्या आसपासचा. चढाला लागला की पुढची चाकं हलकी होतात, स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही, अन् त्यात दगड लागला किंवा क्लच झटक्यानं सुटला की तोंड वर करून मागं उलटतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. ताकदीचा प्रश्न इथं नाहीच. मिनिटाला ३६ लिटर पाणी ३० किलो प्रेशरनं फेकायला तीनेक एचपी पुरतात, तुमच्याकडे २२ आहेत. प्रश्न सगळा वजनाचा आहे.

म्हणून टाकी २०० लिटरची घ्या, फार तर २५० ची, अन् पाणी बगीच्याच्या वरच्या अंगाला साठवा. सगळ्यात वरच्या धुऱ्यावर हजार-दोन हजार लिटरची प्लास्टिकची टाकी ठेवायची, लाईन असेल तेव्हा ठिबकच्या मोटरनं भरून घ्यायची, खाली दोन इंची व्हॉल्व्ह काढायचा. मग सकाळी वर भरा, खाली येता येता फवारा, अन् रिकामी टाकी घेऊन वर चढा. वजन असताना उतार अन् वजन नसताना चढ, एवढं जमवलं की अर्धी काळजी तिथंच मिटते. तुमच्या लागवडीत एकरी १११ झाडं बसतात, चार एकरात ४४४, मोठ्या झाडाला ८ लिटर धरलं तर साडेतीन हजार लिटर पाणी म्हणजे २०० लिटरच्या अठरा टाक्या. ऐकायला लय वाटते, पण पाणी वरच असलं की भरायला काही मिनिटं लागतात, अन् दोन सकाळी मिळून काम आटोपते. विहिरीवरून ५०० लिटर भरून टेकडी चढण्यात जो वेळ अन् जीव जातो तो वाचतो.

टाकी बसवताना ती ट्रॅक्टरला जेवढी चिकटून अन् जेवढी खाली येईल तेवढी आणा, मध्ये अंतर ठेवू नका. पुष्कळ जण दोन ड्रम डावी-उजवीकडे बसवतात अन् खालून एका पाईपनं जोडतात. उतारावर हे अजिबात करू नका. ट्रॅक्टर आडवा झाला की वरच्या ड्रममधलं पाणी त्या पाईपातून खालच्या ड्रममध्ये जाते, म्हणजे ज्या बाजूला पलटी व्हायची भीती त्याच बाजूचं वजन आपोआप वाढत जाते अन् तुम्हाला वर बसून काही कळतही नाही. एकच टाकी घ्या, अरुंद अन् मधोमध. डोक्यावरची अर्धी घागर जशी जास्त हिंदकळते तशी अर्धी टाकी सगळ्यात वाईट हिंदकळते, त्यामुळे आतमध्ये आडव्या फळ्या असलेली टाकी मिळाली तर तीच घ्या. टाकीच्या तळाला मधोमध खोलगट भाग हवा अन् सक्शन तिथूनच घ्यायचं, नाहीतर पाणी पाव टाकी उरलं अन् ट्रॅक्टर कलला की पंप हवा ओढतो, प्रेशर नाचते अन् पंपातले वॉशर जातात.

फ्रेम तयार झाली की टाकी भरून ट्रॅक्टर धर्मकाट्यावर न्या. आधी पूर्ण ट्रॅक्टर काट्यावर घेऊन वजन लिहून घ्या, मग नुसती पुढची दोन चाकं काट्यावर ठेवून परत वजन घ्या. पुढच्या चाकांवर एकूण वजनाच्या किमान २० टक्के वजन आलंच पाहिजे. म्हणजे सगळं मिळून ११०० किलो भरलं तर पुढं २२० च्या खाली नको. कमी भरलं तर पुढच्या बंपरला वजनं लावा किंवा टाकी अजून लहान करा. काट्याची पावती स्वस्त आहे दादा, हे काम चुकवू नका.

आता पंप. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं इंजिनवर फिरणारा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेरे देतो अन् एचटीपी पंपाला बहुतेक ८०० ते १००० लागतात, पंपाच्या पाटीवर आकडा असतो तो आधी वाचा. ९०० पाहिजे असतील तर पीटीओच्या बाजूला १० इंची पुली अन् पंपाला ६ इंची, दोन व्ही-बेल्ट. बेल्ट ताणायला पंपाच्या पायाखाली लांबट भोकं ठेवायला सांगा. अन् पीटीओच्या शाफ्टला, बेल्टला, दोन्ही पुल्यांना जाळी किंवा पत्र्याचं कव्हर पाहिजेच पाहिजे. वेल्डिंगवाला म्हणेल नंतर लावू, तर त्याला म्हणा कव्हर लागल्यावरच पैसे. ५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९ फेरे. आपल्याकडे उन्हाचा दुपट्टा सगळ्यांच्याच गळ्यात असते, त्याचं एक टोक शाफ्टला लागलं की हात वर न्यायच्या आत माणूस ओढला जातो. चालू पीटीओजवळ दुपट्टा, साडीचा पदर, सैल बाही काहीच नको, अन् नोझल तुंबलं तर आधी पीटीओ बंद करून मगच खाली उतरायचं.

पाण्याच्या वाटेत तीन गोष्टी सोडू नका. सक्शनला ५० मेशची (इंचात ५० भोकांची) गाळणी अन् गनच्या लाईनला ८० किंवा १०० मेशची. प्रेशरचं घड्याळ असं बसवा की सीटवरून वाचता येईल. अन् बायपासची नळी, म्हणजे पंपाचं जास्तीचं पाणी माघारी नेणारी, परत टाकीच्या तळापर्यंत न्या, वरून नुसती धार सोडू नका, म्हणजे तीच धार औषध ढवळत राहते. ताम्रयुक्त भुकटी किंवा पाण्यात मिसळणारं गंधक हे ढवळलं नाही तर तळाला बसते, मग पहिल्या झाडांना जास्त औषध जाते अन् शेवटच्यांना नुसतं पाणी. ठिबकचा पाईप क्लिप लावून प्रेशर लाईनला वापरायचा मोह होतो, तो टाळा, फुटला की अंगावर औषध येते. फवारणीचीच प्रेशर होज घ्या, नागपूरच्या कॉटन मार्केटच्या दुकानांत साडेआठ अन् दहा एमएमची मिळते.

तुम्ही दोन्ही बाजूला नोझलचे उभे दांडे लावायचं मनात धरलं असेल तर तेही सांगतो. ताशी २ किलोमीटर चाललात तर मिनिटाला साडेपाच झाडं मागं जातात, ८ लिटरनं मिनिटाला ४४ लिटर पाणी लागेल, अन् तुमचा पंप ३६ चा, त्यातलंही काही ढवळायला ठेवायचं आहे. म्हणून संत्र्याला दोन गन लावा, दोन माणसं गन धरून वरच्या अंगानं चालतील, ट्रॅक्टर झाडापाशी थांबत थांबत जाईल. आणखी एक, कोळशीची (काळ्या माशीची) पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला चिकटून बसतात, वरून कितीही पाऊस पाडला तरी त्यांना काही होत नाही, गन खालून वर अन् आत घातलीच पाहिजे. पोचलं की नाही हे बघायला पहिल्या दिवशी औषध टाकू नका, साध्या पाण्यात कपड्याची नीळ टाका, झाडाच्या आत तीन-चार ठिकाणी पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या पानांना उलट्या बाजूनं टाचा अन् फवारून बघा. बारीक निळे ठिपके सगळीकडे पाहिजे. कोरा कागद निघाला तर तिथं औषध जात नाही, अन् निळा ओघळ आला तर पाणी जमिनीवर चाललं.

राहिला प्रश्न उतार किती चालतो याचा. दहा फुटी बांबू घ्या, एक टोक जमिनीवर ठेवा, लेव्हल पाईपनं बांबू सपाट करा अन् दुसऱ्या टोकाखाली जमीन किती खाली आहे ते मोजा. दीड फूट भरलं तर उतार १५ टक्के. माझं स्पष्ट मत आहे की याच्यावर उतार असेल तिथं भरलेल्या टाकीसह ट्रॅक्टर आडवा न्यायचाच नाही, सरळ वरून खाली यायचं, छोट्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, दोन्ही ब्रेकचे पायडल एकमेकांना लॉक करून. अन् जो तुकडा त्याहूनही उभा आहे तिथं ट्रॅक्टर घेऊन जाऊच नका. खाली रस्त्यावर उभा करा, चाकाला दगड लावा अन् शंभर मीटर नळी ओढत न्या. दहा मीटर उंचीला फक्त एक किलो प्रेशर जाते, तुमच्या पंपाला ते काहीच नाही.

प्रश्न (काटोल): ट्रकच्या रेडिएटरचा जुना पंखा भंगारात मिळाला आहे, गिअरबॉक्सही आहे. त्याचा ब्लोअर (पंख्याच्या हवेनं औषध झाडात फेकणारा फवारा) बनवला तर गन धरायची माणसंही लागणार नाहीत. डिझाईन सांगता काय?

उत्तर: नाही सांगत भाऊ, अन् तुम्हीही बनवू नका. टाकी, पंप घरी बनतात, पंखा बनत नाही. दोन फुटी पंखा मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरला तर त्याच्या पात्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पळते. जुन्या पात्याला बारीकशी चीर असली किंवा वेल्डिंगनं एक पातं थोडं जड झालं की बेअरिंग खाते, थरथरते, अन् पातं सुटलं तर समोर जो असेल त्याला लागते. शिवाय रेडिएटरचा पंखा हवा ओढायला बनवला आहे, दाट झाडात थेंब घालायला नाही. ब्लोअर पाहिजेच असेल तर टेस्ट झालेला विकत घ्या, अन् त्याचं वजन अन् एचपी तुमच्या ट्रॅक्टरला झेपते काय ते आधी विचारा, पंखा एकटाच पंपाच्या कितीतरी पट ताकद खातो.

प्रश्न (नागपूर): भाऊ, माझं माहेर दिंडोरीचं, सासर इथलं. माझ्या भावाची द्राक्षबाग उताराला आहे, ओळी ९ फुटांच्या. आमच्या घरी संत्र्यासाठी ट्रॅक्टर फवारा बनवला तसाच त्याला बनवून दिला तर चालेल का?

उत्तर: ताई, फ्रेम, टाकी, वजन, कव्हर हे सगळं तेच, फवारण्याचं अंग मात्र वेगळं. द्राक्षाची ओळ सलग भिंतीसारखी असते त्यामुळे तिथं गन नको, दोन्ही बाजूला उभे दांडे अन् त्याच्यावर होलो कोन (पोकळ शंकूसारखा फवारा देणारे) नोझल लावा. किती पाणी लागेल ते काढायचा हिशोब असा: हेक्टरी लिटर गुणिले ताशी किलोमीटर गुणिले ओळीतलं अंतर मीटरमध्ये, अन् आलेल्या आकड्याला ६०० नं भागा. पूर्ण पानोऱ्याच्या बागेला हेक्टरी १००० लिटर, वेग ३, अंतर २.७ मीटर धरलं तर मिनिटाला साडेतेरा लिटर. पाच-पाच नोझल लावले तर एका नोझलला १.३५ लिटर. म्हणजे छोटा पंपही पुरतो अन् ढवळायला भरपूर पाणी उरते. वेग मोजायला ३० मीटर आखून घ्या, किती सेकंद लागले ते बघा अन् १०८ ला त्या सेकंदांनी भागा, ३६ सेकंद लागले तर ताशी ३ किलोमीटर. हे चढावर अन् उतारावर दोन्हीकडे करायला सांगा अन् टाकीत पाणी असतानाच करा.

द्राक्षाची खरी अडचण दुसरीच आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणी या बुरशीच्या रोगासाठी लगेच फवारावं लागते, वाट पाहता येत नाही, अन् नेमकी तेव्हाच उतारावरची माती ओली असते. ओल्या मातीवर ट्रॅक्टर पलटी व्हायच्या आधी घसरतो अन् थेट ओळीत जाऊन तारांवर बसतो. म्हणून दोन ओळींमधला पट्टा नांगरून उघडा ठेवू नका, गवत कापून ठेवा, चाकाला पकड मिळते. फोर व्हील ड्राईव्ह ट्रॅक्टर असेल तर उत्तमच. अन् भावाला एवढं नक्की सांगा की ज्या टाकीतून कधी २,४-डी तणनाशक मारलं ती टाकी द्राक्षात नेऊ नको. धुतली तरी कोपऱ्यात, नळीत थोडं राहतेच अन् द्राक्षाची पानं तेवढ्यानंही पंख्यासारखी आकसून जातात. तणनाशकाचा पंप, नळी, टाकी सगळं वेगळं.

प्रश्न (सावनेर): डिंक्यासाठी (झाडातून डिंक गळायच्या रोगासाठी) बोर्डो मारतो तेव्हा नोझल सारखं तुंबते अन् लोखंडी फ्रेमही गंजून राहिली.

उत्तर: चुना गाळलेला नसतो, म्हणून तुंबते. १ टक्का बोर्डोला १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना अन् १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटरमध्ये प्लास्टिकच्या ड्रममध्ये विरघळवा, चुना दुसऱ्या ड्रममध्ये विझवून तेवढंच पाणी करा अन् जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळा, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या ड्रममध्ये ओता, एक जण ढवळत राहील. घासलेला लोखंडी विळा मिनिटभर बुडवून बघा, तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी अजून लागते. त्याच दिवशी वापरा, उद्यासाठी ठेवू नका, दुसरं कीटकनाशक त्यात मिसळू नका. तांबं लोखंडाला खाते म्हणून टाकी प्लास्टिकची, अन् काम झालं की साधं पाणी भरून पाच मिनिटं पंप चालवा, फ्रेमवरूनही पाणी मारा. बुंध्याला लावायची पेस्ट वेगळी, ती १० लिटर पाण्यात, फवाऱ्यात घालायची नाही.

प्रश्न (हिंगणा): ट्रॅक्टरवर बसून मारलं तर पाठपंपाएवढं औषध अंगावर येत नाही, मग हातमोजे अन् मास्क काहून पाहिजे? उन्हात ते घालवतच नाही.

उत्तर: २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. आपल्या विदर्भातलाच जिल्हा आहे तो. सगळ्यात जास्त धोका फवारताना नाही तर औषध मोजताना, मिसळताना असतो कारण तेव्हा ते पाणी न घातलेलं असते, त्यामुळे रबरी हातमोजे अन् डोळ्यांना चष्मा निदान तेव्हा तरी हवाच. ट्रॅक्टर फवाऱ्याचं प्रेशर जास्त, थेंब बारीक, ते हवेत जास्त वेळ राहतात अन् उतारावर वारं वरखाली फिरते, मागच्या गनवाल्याच्या तोंडावर येते. उन्हाचं म्हणता ते खरं आहे, मग उजाडताच सुरू करा अन् नऊ-साडेनऊला थांबा, दुपारी घाम आलेल्या अंगातून विष लवकर आत जाते. डोळ्याची बाहुली बारीक होणं, तोंडाला लाळ, मळमळ, दरदरून घाम असं काही दिसलं तर कपडे काढून अंग साबणानं धुवा, १०८ ला फोन करा अन् औषधाची बाटली सोबत दवाखान्यात न्या, डॉक्टरला लेबल दिसलं पाहिजे.

प्रश्न (नरखेड): घरी बनवलेल्या फवाऱ्याला सबसिडी मिळते काय?

उत्तर: नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून यांत्रिकीकरणाचं अनुदान टेस्ट रिपोर्ट असलेल्या मशीनलाच मिळते, अन् तेही पूर्वसंमती आल्यानंतर घेतलं तरच. आधी घेऊन मग अर्ज करू नका.

प्रश्न (कळमेश्वर): नोझल कधी बदलावं? आमचं पितळी आहे अन् चांगलं चालते.

उत्तर: चांगलं चालते हे डोळ्यानं कळत नाही दादा. त्याच प्रेशरवर एक मिनिट मापाच्या भांड्यात पाणी धरा, मग नवीन नोझल लावून तेवढंच धरा. जुन्यातून १० टक्क्यांच्या वर जास्त आलं तर फेका. पितळ लवकर झिजते, भुकटीची औषधं जास्त मारत असाल तर सिरॅमिकचं घ्या, जास्त टिकते. अन् पाणी कमी पडते म्हणून प्रेशर वाढवत बसू नका, दुप्पट पाणी पाहिजे असेल तर प्रेशर चौपट करावं लागते, त्यात थेंब धूर होऊन उडून जातात. मोठ्या भोकाचं नोझल लावा.